हेन्सलींची सत्तर सालची शेव्हेल

मी, आर्लिस कार्ल गॅबर्ड, वय वर्षे शहात्तर, धंद्याने इंजिन मेकॅनिक, आता निवृत्त, राहणार हेझल पार्क, राज्य मिशिगन, माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी छाती गेली आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कोणी दडपण आणले असते तर दहा वर्षांपूर्वीच लिहून मोकळा झालो असतो. माझी पत्नी ओपल हयात असताना केलेले जुने मृत्युपत्र रद्द समजावे.

वकीलबाई मिसेस बेनेट म्हणाल्या, "मिस्टर गॅबर्ड, दोन पानांत बसवा." दोन पानांत नाही बसणार. नाकात ऑक्सिजनची नळी आहे, पाच-सहा ओळी झाल्या की थांबावं लागतं, आणि तरीही मी सगळं लिहिणार आहे. कोणाला वाचायचा कंटाळा आला तर त्यानं कलम पाच तेवढं वाचावं.

कलम १. माझा देह ओपलच्या शेजारी पुरावा. जागा घेतलेली आहे, दगडावर माझं नावही कोरलेलं आहे, तारीख तेवढी घालायची. चर्चमध्ये माझ्याबद्दल चांगलं बोलायला कोणाला उभं करू नये. उगाच कोणाला खोटं बोलायला लावायचं नाही.

कलम २. घर मुलगी लोर्नाला. लोर्ना, तळघरात उत्तरेच्या भिंतीतून पाणी येतं, तुला माहीतच आहे. घेणाऱ्याला आधी सांग. न सांगता विकू नकोस. आपल्या घरातून एकदा तसं झालंय आणि ते पुरे.

कलम ३. बँकेत जे उरलं असेल तेही लोर्नाला. फार नाही उरलेलं. तू उन्हाळ्यात विचारलंस, "डॅडी, म्हातारपणी असला सांगाडा कशाला विकत घेतलात? वेड लागलंय का तुम्हाला?" मी तुझ्यावर खेकसलो. त्याबद्दल माफ कर. तुझा प्रश्न बरोबर होता.

कलम ४. लेथ, व्हाइस, सगळे पाने आणि लाल कपाट शेजारच्या स्टॅन विल्कला. स्टॅनला हत्यारं कळतात आणि तो पाना वापरून पुसून जागेवर ठेवतो. टॉर्क पाना मात्र त्याला मिळणार नाही, कारण तो माझ्याकडे नाही. तो १९९४ साली व्हर्जिल नोबलनं "उद्या देतो" म्हणून नेला. व्हर्जिल अजून जिवंत आहे. स्टॅन, जाऊन माग, आणि मागताना माझं नाव घे.

कलम ५. आता गाडी.

गॅरेजमध्ये १९७० सालची शेव्हेल उभी आहे. इंजिन नाही, सीटं नाहीत, रंगाच्या जागी नुसता करडा प्रायमर आहे. ही गाडी मी दोन वर्षांपूर्वी ओहायोतल्या लीमा गावाबाहेरच्या एका कोठारातून घेतली. विकणाऱ्या पोरांनी सांगितलं, "आजोबा, कागद नाहीत, डॅशवर नंबराची पाटी नाही. आमच्या म्हाताऱ्यानं शर्यतीत पळवली आणि इंजिन फुटल्यावर टाकून दिली. हिच्यावर कोंबड्या बसायच्या." गवतावर उताणा पडलो, गाडीखाली सरकलो आणि डिकीच्या तळाला बॅटरीचा उजेड मारला. तिथं पितळी जोड देऊन मारलेलं हातभर ठिगळ होतं. ठिगळाचा पत्रा फ्रिजच्या दाराचा, आतल्या बाजूला अजून मलईचा रंग. ते ठिगळ १९७४ साली मी मारलं होतं. सासऱ्यांनी केंटकीहून डिकीत लोखंडी शेगडी घालून आणली होती आणि तळाला भोक पाडलं होतं. मी तिथंच गाडीखाली पडून रडलो. पोरांना वाटलं म्हाताऱ्याला झटका आला.

ही गाडी माझे सासरे एस्टिल हेन्सली यांनी नवी कोरी घेतली होती. कारखान्याच्या भट्टीवर वीस वर्षं काढल्यावर माणसानं स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. गर्द हिरवा रंग, काळे पट्टे, मोठं इंजिन. नऊ वर्षं तिचं तेल, प्लग, ब्रेक सगळं मी पाहिलं. रविवारी हात काळे माझे व्हायचे. १९७९च्या थँक्सगिव्हिंगला सगळे टेबलाशी बसलो होतो तेव्हा म्हाताऱ्यानं गाडीची किल्ली काढली आणि माझ्या समोरून सरकवत नेऊन माझ्या मेहुण्याच्या, डेल्मरच्या ताटाशी ठेवली. मला म्हणाले, "आर्लिस, तुझा हात चांगला आहे, बाबा. तू पाना धर, स्टिअरिंग डेल्मर धरेल." सगळे हसले. ओपलही हसली. डेल्मर बिचारा लाजला. मी हसलो नाही, आणि ते हसू मी पुढं सात वर्षं पोटात ठेवलं. सासरे त्याच हिवाळ्यात गेले, म्हणजे भांडायलाही कोणी उरलं नाही.

कलम ६. १९८६ साली डेल्मरची आई, माझी सासू, केंटकीत अंथरुणाला खिळली. तो तिच्याजवळ राहायला गेला आणि गाडी माझ्या दुरुस्तीच्या शॉपमध्ये ठेवून गेला. म्हणाला, "आर्लिस, तुझ्याशिवाय कोणाच्या हातात देऊ?" अठरा महिने तो तिकडे होता.

त्या अठरा महिन्यांत मी जे केलं ते आज पहिल्यांदा लिहितो आहे. भंगारातून त्याच सालची साधी शेव्हेल आणली. तिला हिरवा रंग दिला, काळे पट्टे मारले, बिल्ले लावले, दुसरं इंजिन बसवलं. खऱ्या गाडीच्या डॅशवरची नंबराची पाटी, कारखान्याचा नंबर असलेली पत्र्याची बारीक पट्टी, काढली आणि खोट्या गाडीवर रिव्हेट मारून बसवली. साध्या गाडीची पाटी डेट्रॉइट नदीत टाकली. खरी गाडी, विनापाटीची, लीमाच्या एका शर्यतवाल्याला विकली. त्याला कागदांशी देणंघेणं नव्हतं, त्याला पळणारी गाडी हवी होती. मला पैशांची नड नव्हती. मला एवढंच हवं होतं की हेन्सलीच्या हातात खोटी गाडी असावी आणि ते फक्त मला माहीत असावं. इतका हलका माणूस होतो मी.

आई गेल्यावर डेल्मर परत आला. गाडीभोवती एक फेरी मारली, बसला, चालू केली. कान देऊन ऐकलं. "हिचा आवाज बदललाय का रे?"

मी म्हटलं, "अठरा महिने उभी होती. घसा बसलाय तिचा."

"मग आम्ही दोघं सारखेच," म्हणाला, आणि उतरून मला मिठी मारली. आईच्या घरून डुकराची खारवलेली मांडी आणली होती आमच्यासाठी. आम्ही ती नाताळपर्यंत खाल्ली. मीही खाल्ली.

कलम ७. हे कलम लोर्नानं नीट वाचावं, कारण तिला मामाबद्दल जे सांगितलं गेलं ते खोटं आहे.

२००९ साली डेल्मरची बायको जून आजारी पडली आणि तिच्या औषधपाण्यासाठी त्यानं गाडी विकायला काढली. नाइन माइल रस्त्यावरच्या मैदानात शनिवारी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथं तो ती घेऊन आला. घेणाऱ्यानं सोबत जाणकार आणला होता, हॅल पेटिट नावाचा. पेटिट गाडीखाली सरकला. चासीवर कारखान्यात ठोकलेला नंबर असतो, तो मागच्या चाकाच्या वर दडलेला असतो, फार थोड्यांना माहीत आहे. तो नंबर डॅशवरच्या पाटीशी जुळत नव्हता. तेवढ्यात मेळ्याचा सूत्रसंचालक मायक्रोफोन घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "काय मग, खरी का?" पेटिट म्हणाला, "पाटी बदललेली आहे. ही गाडी खोटी आहे." चारशे माणसांनी ऐकलं.

डेल्मर मला शोधत होता. गर्दीतून ओरडला, "आर्लिस! अरे, तू सांग यांना! तू ओळखतोस ना हिला!"

आणि मी म्हणालो, "मी काय सांगू? माझ्या हातून जाऊन वीस वर्षं झाली. मधे तू काय केलंस मला काय ठाऊक?"

हे वाक्य मी रोज ऐकतो. ऑक्सिजनचं यंत्र घरघरतं त्यातही ऐकतो.

सगळ्यांनी एकच हिशेब केला, की डेल्मरनं बापाची गाडी कधीच विकून खाल्ली आणि आता खोटी लोकांच्या गळ्यात मारतोय. त्याला मेळ्यात येऊ देईनात. शॉपवाले त्याच्याशी बोलेनात. ओपलनं त्याला आमच्या पायरीवरच थांबवलं. "डॅडीची गाडी! डॅडीची गाडी विकलीस तू! आणि वर हे सोंग उभं केलंस? पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकशील तर बघ!" तो म्हणाला, "ओपल, आईची शपथ..." तिनं दार आपटलं. मी स्वयंपाकघरात घेवड्याच्या पातेल्याशी उभा होतो. डावानं ढवळत होतो. दार उघडायला चार पावलं लागली असती.

पुढच्या वसंतात जून गेली. ओपल गेली नाही तिच्या मातीला. २०१६ साली ओपल गेली, तेव्हा डेल्मर रस्त्याच्या पलीकडे, स्मशानाच्या कुंपणाबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. सख्ख्या बहिणीला कुंपणाबाहेरून निरोप. मी त्याला पाहिलं आणि नजर फिरवली. लोर्ना, तू म्हणालीस, "बघा, कोडगा आला." तो कोडगा नव्हता. कोडगा कबरीशी उभा होता, तुझा हात धरून.

कलम ८. गाडी सापडल्यावर मला वाटलं, देवानं वाट काढून दिली. आता तोंड न उघडता सगळं फिटेल. गाडी खरी आहे असं सिद्ध करायचं, पहिल्यासारखी उभी करायची, डेल्मरच्या दारात सोडायची आणि मरून जायचं. माझं नाव कुठंच येणार नाही. खरं सांगायचं तर या गाडीवर मी जे दोन वर्षं जिवाचं रान केलं ते पश्चात्तापानं कमी आणि कबुली टाळायला जास्त.

त्या काळी कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कागद फिरायचा. त्यावर गाडीचा नंबर, इंजिन कोणतं, रंग कोणता, सगळं छापलेलं. काम झालं की लाइनवरचे लोक तो कागद पेट्रोलच्या टाकीवर खोचून द्यायचे. तो सापडला की गाडीची ओळख पक्की, वाद मिटला. मला हे चाळीस वर्षं माहीत आहे. आणि तरीही गाडी घरी आली त्याच दिवशी मी तिचं पोट प्रेशरच्या पाण्यानं धुऊन काढलं.

का? सवय! आमच्या शॉपचा नियम होता, घाण गाडी लिफ्टवर चढवायची नाही. पंचेचाळीस वर्षं हात तेच करत आले, त्या दिवशीही तेच केलं. कोंबड्यांची घाण, गांधीलमाशांची घरटी, चिखल, सगळं धुतलं आणि लख्ख झालं म्हणून खूशही झालो. दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. टाकीवर करड्या लगद्याचा थर होता. त्या लगद्यात एका कोपऱ्यावर छापील रेघ दिसत होती. बोट लावलं तर तीही पुसली गेली. इतकी वर्षं उंदरांनी, पावसानं, कोंबड्यांनी जे सोडलं होतं ते मी अर्ध्या तासात धुऊन टाकलं. कपाळ बडवून घेतलं. स्टॅन धावत आला, त्याला म्हटलं बोट चेपलं.

मग चासीवरचा नंबर. त्यासाठी स्टॅनच्या मदतीनं वरचा पत्र्याचा सांगाडा उचलून खालच्या चासीपासून वेगळा केला. तिथं गंजाचे पापुद्रे. या वेळी तारेचा ब्रश लावला नाही, शिकलो होतो. तेलात भिजवलेल्या फडक्यानं नऊ दिवस थोडं थोडं पुसलं. शेवटचे दोन आकडे वर आले. बाकीचे गंजानं खाल्ले होते. ते दोन आकडे डेल्मरच्या पाटीच्या शेवटच्या दोन आकड्यांशी जुळतात. ती पाटी मीच बसवली होती, मला पाठ आहे.

बाकीचं कामही करत राहिलो. जमिनीचा पत्रा बदलला, दारं सरळ केली, प्रायमर मारला. गेल्या हिवाळ्यापासून हात थरथरायला लागले. रंगाची बंदूक धरवत नाही.

कलम ९. सप्टेंबरात हॅल पेटिटला बोलावलं. तोच पेटिट. आता त्याचे गुडघे गेलेत, खाली सरकायला फळी लागते. त्यानं सगळं नीट पाहिलं. उठून हात पुसले. "मिस्टर गॅबर्ड, दोन आकड्यांवर मी सही करत नाही. अशा शंभरातली एखादी तरी जुळेल."

"आणि ठिगळ? ते मी स्वतः मारलंय!"

"मग तेही तुमच्याच शब्दावर आलं." त्यानं मला निरखून पाहिलं. "तुम्ही त्या दिवशी मैदानात होतात ना? मेहुण्याची गाडी होती."

"होतो."

"मी बारा वाक्यं बोलायला हवी होती तिथं एकच बोललो. मलाही ते लागून राहिलंय. पण एक सांगतो. समजा, मी हिला खरी ठरवली. तरी तिला कोणी विकलं ते गाडी सांगणार नाही. लोक म्हणतील, डेल्मरनं विकली होती, आता लाजेनं परत आणली. ज्यानं पाटी बदलली त्यानं लिहून दिल्याशिवाय तो माणूस सुटत नाही."

तो गेला. मी गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून राहिलो. दोन वर्षं, होतं नव्हतं ते सगळं, उरलेली फुप्फुसं, सगळं या पत्र्यात घातलं, आणि अखेर हवा होता एक कागद आणि माझी सही. ती सही मी २००९ साली फुकटात करू शकलो असतो. तेव्हा जून जिवंत होती. ओपल जिवंत होती. मी कोणाला परत आणू आता?

कलम १०. म्हणून लिहून देतो. १९८६ साली एस्टिल हेन्सली यांच्या गाडीची पाटी मी, आर्लिस गॅबर्ड, एकट्याने काढली. खरी गाडी मी विकली. डेल्मर हेन्सलीला यातले काहीही माहीत नव्हते. ही गाडी, आहे त्या स्थितीत, तिचे सर्व सुटे भाग, डबे आणि पिशव्यांसह डेल्मर हेन्सली यास मिळावी. पाटी इकडची तिकडे करायला कोणीही हात लावू नये. ते काम राज्याच्या पोलिसांकडून रीतसर करून घ्यावे.

कलम ११. वरची दहा कलमं मी तयार ठेवली होती. हे आज, सह्यांच्या दिवशी, जोडतो आहे.

डेल्मरला मी फोन केला. दहा वर्षांत पहिला. म्हटलं, "ये. कागद वाचायचाय." तो आला. बहात्तर वर्षांचा झालाय, वाकलाय. गॅरेजमध्ये मिसेस बेनेट आणि स्टॅन होते. मी कलम पाचपासून वाचायला लागलो, सातवर धाप लागली, पुढचं मिसेस बेनेट यांनी वाचलं. डेल्मर उभाच होता. मला वाटलं, मारेल. मारावं असं वाटत होतं.

त्यानं एकच विचारलं, "ओपलला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे ती मरेपर्यंत मला चोर समजली."

"हो."

"आणि तू तिच्या शेजारी झोपत होतास."

"हो, डेल्मर."

तो गाडीजवळ गेला. छपराला हात लावला, लगेच काढून घेतला. मग माझ्याकडे वळला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "आणि हे कधी वाचणार लोक? तू मेल्यावर? म्हणजे मी आता तुझ्या मरणाची वाट बघत बसू? तेवढंच काम राहिलं होतं माझं!"

तो मिसेस बेनेटना म्हणाला, "बाई, साक्षीदार कोण आहे? मी सही करतो."

त्यांनी समजावलं, "मिस्टर हेन्सली, तुम्हाला यात गाडी मिळते आहे. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. तुमचा हक्क अडचणीत येईल. सही करू नका."

"गाडी खोडा."

"अहो, ती तुमच्या वडिलांची..."

"डॅडींची गाडी कशी होती ते मला सत्तर सालापासून ठाऊक आहे, बाई. दार उघडलं की त्यांच्या तंबाखूचा वास यायचा. यात प्रायमरचा वास येतोय. खोडा म्हटलं ना. आणि मी ऐकलंय हे आजच्या तारखेनं लिहा."

मी हात जोडले. म्हटलं, "डेल्मर, एवढी तरी घे रे. मी दुसरं काय देऊ?"

"तुझ्याकडून काही नको," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर सोसलं असतं.

म्हणून कलम दहामधील डेल्मरला गाडी देण्याचा भाग रद्द. साक्षीदार व्हायचे म्हणून स्टॅननेही कलम चारमधली हत्यारे सोडली, तोही भाग रद्द, हत्यारे लोर्नाला. गाडी लोर्नाने विकावी, आणि घेणाऱ्याला हे सर्व वाचून दाखवावे. हा कागद माझ्या मृत्यूपर्यंत झाकून ठेवू नये. त्याची प्रत आजच हॅल पेटिटला पाठवावी. येत्या शनिवारी मला नाइन माइलच्या मैदानात न्यावे, टाकी आणि नळीसकट. कलम सहा आणि सात मी त्याच मायक्रोफोनवर स्वतः वाचीन. श्वास संपला तर पुढचं स्टॅननं वाचावं.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो खरा आहे.

सही: आर्लिस कार्ल गॅबर्ड
स्थळ: हेझल पार्क, मिशिगन
दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार पहिला: आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, एकाच खोलीत, लिहिणाऱ्याने सही केली. तो शुद्धीवर होता. मी शेजारी आहे. सांगाडा उचलायला मी मदत केली होती. कशासाठी ते मला आज कळले. (स्टॅन विल्क)

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या अक्षरात: माझ्यासमोर आर्लिसने सही केली. हात थरथरत होता म्हणून कागद मी धरला. या कागदातून मला काही मिळत नाही आणि मला काही नको आहे. माझी बायको जून हिने माझ्यावर एक दिवसही संशय घेतला नाही, हे नोंदवून ठेवतो. डॅडींची गाडी मी विकली नव्हती. (डेल्मर हेन्सली)